पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर आणि न परवडणारी औषधं: कशाला धरून राहायचं, कशावाचून चालतं

प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पोचलाय हे बोन स्कॅनमध्ये दिसलं की आठवडाभरात घरात औषधांची चार अवघड नावं ऐकू यायला लागतात. अबिराटेरॉन, एन्झालुटामाइड, डॅरोलुटामाइड, ल्युटेशियम. कुणी पुण्यातल्या डॉक्टरांना विचारतं, कुणी अमेरिकेतल्या भाच्याला फोन लावतं, आणि प्रत्येक फोननंतर खर्चाचा आकडा वर चढतो. मग वडिलांना कळू न देता जमीन विकायची की सोनं मोडायचं याची बोलणी सुरू होतात.

ती बोलणी करण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. या आजारात फायद्याचा सगळ्यात मोठा वाटा ज्या उपचारातून मिळतो, तो ऐंशी वर्षांहून जुना आणि स्वस्त आहे. त्याखालोखाल फायदा देणारी औषधं आता जेनेरिक रूपात भारतात मिळतात. खरोखर आवाक्याबाहेरचे जे उपचार आहेत, ते बहुतेक आजाराच्या पुढच्या टप्प्यावरचे आहेत आणि त्यांचा सरासरी फायदा महिन्यांत मोजला जातो. याचा अर्थ ते निरुपयोगी आहेत असा मुळीच नाही. पण पैसा मोजका असेल तर तो आधी कुठे घालायचा, हे या क्रमावरून ठरवता येतं. पहिल्या पायऱ्या अर्धवट ठेवून शेवटच्या पायरीसाठी कर्ज काढलेली कुटुंबं आहेत, म्हणून हे इतकं ठासून लिहितो आहे.

पहिली पायरी: टेस्टोस्टेरॉन बंद करणं

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून असलेली लहानशी ग्रंथी. ती फक्त पुरुषांत असते. तिच्या पेशी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसल्या जातात, आणि कॅन्सर झाला तरी ही सवय सुटत नाही. कॅन्सर हाडांत गेला, तरी तिथल्या पेशी प्रोस्टेटच्याच असतात आणि त्यांनाही तेच हार्मोन लागतं. 1941 मध्ये शिकागो विद्यापीठातले सर्जन चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिलं की वृषणं काढली, म्हणजे टेस्टोस्टेरॉनचा मुख्य कारखानाच बंद केला, तर पसरलेला प्रोस्टेट कॅन्सरही मागे हटतो. या कामासाठी त्यांना 1966 मध्ये नोबेल मिळालं. त्यानंतर आलेली जवळपास सगळी औषधं या पायावरच रचलेली आहेत. पाया काढून टाकला तर वरचं महागडं औषधही अपुरं पडतं.

हा पाया घालायचे दोन रस्ते आहेत. एक, इंजेक्शनं: ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन. ती महिन्याची, तीन महिन्यांची किंवा सहा महिन्यांची येतात आणि पसरलेल्या आजारात साधारणपणे आयुष्यभर चालू ठेवावी लागतात. डेगारेलिक्स नावाचं वेगळ्या पद्धतीचं इंजेक्शन आणि रेलुगोलिक्स नावाची रोजची गोळीही आहे. दुसरा रस्ता, ऑपरेशन: दोन्ही वृषणं काढणं, डॉक्टर ज्याला ऑर्किडेक्टमी म्हणतात. कमरेखाली भूल देऊन होणारं हे छोटं ऑपरेशन आहे. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. टेस्टोस्टेरॉन एका दिवसाच्या आत खाली येतं आणि खर्च एकदाच होतो. आयुर्मानाच्या हिशेबात ऑपरेशन आणि इंजेक्शन सारखेच ठरले आहेत.

तरीही शहरातल्या खासगी दवाखान्यांत ऑपरेशनचा विषय कित्येकदा निघतच नाही. डॉक्टरांना वाटतं रुग्ण दुखावेल, मुलांना वाटतं वडिलांशी हे बोलायचं कसं, आणि वडील गप्प राहतात. मला वाटतं हे मोकळेपणाने बोललं गेलंच पाहिजे. इंजेक्शन घेतलं तरी कामेच्छा जाते, लिंगाला ताठरता येत नाही, अंगातून गरम वाफा निघतात, स्नायू उतरतात. तो परिणाम टेस्टोस्टेरॉन कमी झाल्याचा आहे, तो दोन्ही रस्त्यांनी येतो. फरक इतकाच की इंजेक्शन थांबवता येतं आणि ऑपरेशन मागे घेता येत नाही. ज्याला उपचार जन्मभर लागणार आहे, त्याच्यासाठी हा फरक किती महत्त्वाचा आहे हे त्याने स्वतः ठरवावं. बाहेरचं आवरण ठेवून फक्त आतला भाग काढायची पद्धतही असते, त्यामुळे ती जागा अगदी रिकामी दिसत नाही. सर्जनला तसं विचारता येतं. हा निर्णय दवाखान्याच्या बाहेर उभं राहून मुलांनी आणि जावयांनी घ्यायचा नाही. ज्याचं शरीर आहे त्याला सगळं सांगून, हवं तर त्याच्या पत्नीला सोबत बसवून, त्याच्याकडून घ्यायचा.

इंजेक्शनचा रस्ता धरला असेल तर तारीख चुकवू नका. कांद्याची काढणी आहे, घरात लग्न आहे, वारीला जायचंय, पैसे पुढच्या हप्त्यात येणार आहेत, अशा कारणांनी तीन महिन्यांचं इंजेक्शन चौथ्या-पाचव्या महिन्यावर जातं. मधल्या काळात टेस्टोस्टेरॉन पुन्हा चढतं आणि पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशी रक्तात सोडतात ते प्रथिन, वाढतं. मग घरच्यांना वाटतं औषध चालेनासं झालं. तालुक्याच्या गावाहून दर वेळी शंभर-दोनशे किलोमीटर यावं लागत असेल, तर एकदाच होणाऱ्या ऑपरेशनचं पारडं इथेच जड होतं.

आणखी एक बारीक पण मोलाची गोष्ट. ल्युप्रोलाइडसारखं इंजेक्शन पहिल्यांदा दिल्यावर टेस्टोस्टेरॉन आधी थोडे दिवस वाढतं आणि मग पडतं. मणक्यात गाठी असतील तर त्या थोड्या दिवसांतही धोका असतो. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे बायकॅल्युटामाइडची स्वस्त गोळी जोडून देतात. ती मध्येच बंद करू नका. ऑपरेशनमध्ये किंवा डेगारेलिक्समध्ये हा प्रश्न येत नाही.

दुसरी पायरी: जोडीचं औषध

2015 पर्यंत टेस्टोस्टेरॉन बंद करायचं आणि आजार पुन्हा उसळेपर्यंत थांबायचं, अशीच रीत होती. मग मोठ्या अभ्यासांनी दाखवलं की दुसरं औषध सुरुवातीलाच जोडलं तर आयुष्य वाढतं. अमेरिकेतल्या चार्टेड अभ्यासात नुसत्या हार्मोन उपचारावर असलेल्या गटातले निम्मे रुग्ण 44 महिन्यांपुढे जगले, आणि डोसेटॅक्सेल केमोथेरपी जोडलेल्या गटातले निम्मे 57.6 महिन्यांपुढे. ज्यांचा आजार जास्त पसरला होता, त्यांच्यात हे आकडे 32.2 आणि 49.2 महिने होते. 2017 मध्ये आलेल्या लॅटिट्यूड अभ्यासात अबिराटेरॉन जोडल्याचा फायदा दिसला, अखेरचे आकडे 36.5 विरुद्ध 53.3 महिने. पुढे 2019 मध्ये एन्झालुटामाइड आणि अपालुटामाइड यांचेही असेच निकाल आले. हे निम्म्या रुग्णांचे आकडे आहेत. तुमच्या घरातला माणूस त्याच्या अलीकडे असेल की पलीकडे, हे कुणीच सांगू शकत नाही.

परवडण्याच्या दृष्टीने इथे एक माहिती फार कामाची आहे. ब्रिटनमधल्या स्टॅम्पीड या प्रचंड अभ्यासात डोसेटॅक्सेल आणि अबिराटेरॉन यांची थेट तुलना झाली, तेव्हा आयुर्मानात ठळक फरक दिसला नाही. डोसेटॅक्सेल हे जुनं, जेनेरिक औषध. दर तीन आठवड्यांनी एक अशा सहा सायकल, म्हणजे साधारण चार महिन्यांत उपचार संपतो. अबिराटेरॉन मात्र रोज घ्यायचं आणि वर्षानुवर्षं घ्यायचं. हल्ली बहुतेक डॉक्टर आधी गोळी सुचवतात. गोळी सोसायला सोपी आहे, केमोत पांढऱ्या पेशी पडून ताप येणं, हातापायांना मुंग्या येणं असे त्रास होतात, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, हृदय कमजोर असलेल्या आजोबांना केमो झेपेलच असं नाही. पण पासष्टीच्या आतबाहेरचा, कामधंदा करणारा माणूस असेल, आजार खूप पसरला असेल आणि गोळीचा महिन्याचा खर्च पुढे चालू ठेवणं जमणार नसेल, तर डोसेटॅक्सेल हा चांगला, सिद्ध झालेला उपचार आहे. सहा महिन्यांनी पैसे संपून गोळी बंद करावी लागण्यापेक्षा, पूर्ण होणारा उपचार आधीच निवडलेला बरा. मात्र डॉक्टरांना तुमची खरी ऐपत पहिल्याच भेटीत सांगितली, तरच ते असा विचार करू शकतात. संकोचाने 'बघू, करू काहीतरी' म्हणणाऱ्या घरांचं यात सगळ्यात जास्त नुकसान होतं.

आजार थोड्याच ठिकाणी पसरला असेल तर प्रोस्टेटला रेडिएशन देण्याचाही फायदा होतो. 2018 मधल्या स्टॅम्पीडच्या निकालात अशा रुग्णांपैकी रेडिएशन घेतलेले 81 टक्के तीन वर्षांनी जिवंत होते, न घेतलेले 73 टक्के. हे रेडिएशन सरकारी आणि धर्मादाय केंद्रांतही होतं. महागड्या गोळ्यांच्या गडबडीत त्याचं नावच निघत नाही, म्हणून तुम्हीच विचारा.

अबिराटेरॉनची एक गोळी, चार गोळ्या

अबिराटेरॉनचा ठरलेला डोस रोज 1000 मिलिग्रॅम, म्हणजे 250 च्या चार गोळ्या, उपाशीपोटी. सोबत प्रेडनिसोलोन. उपाशीपोटी का? कारण अन्नाबरोबर घेतलं तर हे औषध रक्तात कित्येक पटींनी जास्त शोषलं जातं. मग काही डॉक्टरांनी उलटा विचार केला: अन्नामुळे शोषण वाढतं, तर कमी औषध अन्नाबरोबर देऊन पाहायला काय हरकत आहे? शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेला, 72 रुग्णांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कमी चरबीच्या नाश्त्याबरोबर घेतलेली 250 ची एकच गोळी पीएसए कमी करण्यात चार गोळ्यांच्या मागे पडली नाही. खर्च एक चतुर्थांश.

अभ्यास लहान होता आणि त्यात मोजमाप पीएसएचं होतं, आयुष्याच्या लांबीचं नव्हतं. म्हणून ज्याला चार गोळ्या परवडतात किंवा योजनेतून मिळतात, त्याने चारच घ्याव्यात. पण ज्याच्यासमोर 'एक गोळी की काहीच नाही' असा प्रश्न आहे, त्याच्यासाठी हा खरा पर्याय आहे. अमेरिकेतल्या एनसीसीएन या कॅन्सर रुग्णालयांच्या संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही तो नोंदलेला आहे आणि भारतातले कॅन्सरतज्ज्ञ तो वापरतात. हे डॉक्टरांना विचारूनच करायचं, आपल्या मनाने डोस बदलायचा नाही. तळलेल्या, तुपाच्या जेवणाबरोबर चार गोळ्या घेतल्या तर औषध बेसुमार चढू शकतं. रक्तदाब, पोटॅशियम आणि लिव्हरच्या तपासण्या ठरल्या वेळी करायच्या. सोबतची प्रेडनिसोलोन एकदम बंद करायची नाही.

भारतात या गोळ्या इतर अनेक देशांपेक्षा स्वस्त का, यामागे लढा आहे. जुन्या औषधाला किरकोळ बदल करून नवं पेटंट मिळू नये, यासाठी आपल्या पेटंट कायद्यात कलम 3(ड) आहे. ग्लिव्हेक या रक्ताच्या कॅन्सरच्या औषधावरून हे कलम सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1 एप्रिल 2013 रोजी टिकलं. त्या खटल्यात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन रुग्णांच्या बाजूने उभी होती. पुढे 2016 मध्ये एन्झालुटामाइडचा पेटंट अर्जही भारतीय पेटंट कार्यालयाने नाकारला. म्हणून आज अबिराटेरॉन आणि एन्झालुटामाइड ही दोन्ही औषधं भारतीय कंपन्या बनवतात. अबिराटेरॉन 2019 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे.

खरेदी करताना एक ध्यानात ठेवा. या जेनेरिक गोळ्यांच्या पाकिटावर छापलेली किंमत आणि त्या प्रत्यक्षात ज्या भावाला मिळतात ती, यांत मोठी तफावत असते. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा. मग कॅन्सर रुग्णालयाचं स्वतःचं मेडिकल, अमृत फार्मसी, जनऔषधी केंद्र आणि कॅन्सरची औषधं ठेवणारे घाऊक विक्रेते अशा तीन-चार ठिकाणी भाव विचारा. पक्कं बिल घ्या, बॅच नंबर आणि मुदत पाहा. व्हॉट्सअॅपवर ओळख नसलेल्या माणसाकडून निम्म्या भावात आलेलं औषध घेऊ नका. कॅन्सरची बनावट औषधं विकणाऱ्या टोळ्या आपल्या देशात पकडल्या गेल्या आहेत.

आजार पुन्हा उसळतो तेव्हा

काही काळाने टेस्टोस्टेरॉन बंद असूनही पीएसए चढू लागतो. घाबरून नवीन औषधाकडे धावण्याआधी रक्तातलं टेस्टोस्टेरॉन तपासून घ्या. साधी, स्वस्त तपासणी आहे. ते 50 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असायला हवं. वर असेल तर दोष बहुधा चुकलेल्या इंजेक्शनचा आहे.

टेस्टोस्टेरॉन खाली असूनही आजार वाढत असेल, तर सगळ्यात मोठी चूक इथे होते. अबिराटेरॉन चालेनासं झालं म्हणून एन्झालुटामाइड, किंवा त्याच्या उलट. दोन्ही औषधं एकाच रस्त्यावर काम करतात, त्यामुळे एकाला दाद न देणारा आजार दुसऱ्यालाही बहुतेकदा फारशी दाद देत नाही. अबिराटेरॉननंतर एन्झालुटामाइड थोड्या रुग्णांना काही काळ चालतं, उलट क्रम तर क्वचितच. केमो घेतलेली नसेल तर अशा वेळी डोसेटॅक्सेलचा उपयोग सहसा जास्त होतो. 2019 च्या कार्ड अभ्यासात डोसेटॅक्सेल आणि एक गोळी घेऊन झालेल्या रुग्णांत दुसरी गोळी देण्यापेक्षा कॅबाझिटॅक्सेल ही केमो सरस ठरली. 'गोळी बदलून बघू' हे ऐकायला सौम्य वाटतं, पण त्यात पैसा जातो आणि वेळही.

ल्युटेशियम पीएसएमए उपचाराबद्दल विचारणारे खूप आहेत. प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवर पीएसएमए नावाचं प्रथिन असतं. त्याला चिकटणाऱ्या रेणूवर किरणोत्सारी ल्युटेशियम-177 बसवून ते शिरेतून देतात, म्हणजे किरणोत्सर्ग थेट गाठीपर्यंत पोचतो. 2021 च्या व्हिजन अभ्यासात इतर उपचार संपलेल्या रुग्णांत याने, निम्मे रुग्ण ज्यापुढे जगले तो काळ 11.3 महिन्यांवरून 15.3 महिन्यांवर गेला. अमेरिकेत 2022 मध्ये हे औषध आलं तेव्हा एका डोसची किंमत 42,500 डॉलर होती, आणि डोस सहापर्यंत लागतात. भारतात हा उपचार त्याच्या कितीतरी कमी खर्चात होतो, कारण ल्युटेशियम-177 आपल्याकडेच, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं आणि वाशीच्या ब्रिट या सरकारी संस्थेमार्फत रुग्णालयांना पोचतं. त्याचं अर्धायुष्य साडेसहा दिवसांच्या आसपास असल्याने ते साठवून ठेवता येत नाही, म्हणून जवळ तयार होण्याला महत्त्व आहे. तरीही खर्च लहान नाही. आधी पीएसएमए पेट स्कॅनवर गाठी नीट उजळल्या तरच याचा उपयोग असतो. स्कॅनमध्ये गाठी उजळत नसतील आणि तरी कुणी हा उपचार सुचवत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

काही रुग्णांत बीआरसीए जनुकात बिघाड असतो. त्यांना ओलापारिब हे औषध लागू पडतं, 2020 च्या प्रोफाउंड अभ्यासात ते दिसलं. औषध परवडो न परवडो, घरात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झालेलं कुणी असेल तर या तपासणीबद्दल विचारा. हा बिघाड मुलींकडेही जाऊ शकतो, आणि त्यांच्यासाठी वेळेवर सावध होणं फार मोलाचं आहे.

हाडं आणि वेदना

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे जे लागतं ते जवळपास सगळं स्वस्त आहे आणि तरीही माणसं त्यावाचून तळमळतात.

हाडातल्या गाठीच्या दुखण्यावर रेडिएशनचा, गावाकडे ज्याला शेक म्हणतात त्याचा, एकच मोठा डोस दहा दिवसांच्या रेडिएशनइतकाच आराम देतो. पुढे पुन्हा द्यावा लागण्याची शक्यता जरा जास्त असते, इतकंच. लांबून येणाऱ्या माणसासाठी एक दिवस आणि दहा दिवस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून 'एका डोसात होईल का?' हा प्रश्न जरूर विचारा. हाडं बळकट ठेवणारं झोलेड्रोनिक अॅसिड आजार हाताबाहेर जाऊ लागल्यावर देतात. ते दर महिन्याऐवजी दर तीन महिन्यांनी दिलं तरी चालतं, हे 2017 च्या अमेरिकन अभ्यासात सिद्ध झालं आहे. म्हणजे खर्च तिसऱ्या हिश्शावर. ते सुरू करण्याआधी दात दाखवून घ्या. किडलेला दात नंतर काढावा लागला तर जबड्याच्या हाडाला इजा होण्याचा धोका असतो.

एक लक्षण मात्र घरातल्या सगळ्यांनी पाठ करून ठेवा. पाठीत नवीन, वाढत जाणारं दुखणं आणि त्याबरोबर पायांत अशक्तपणा, बधिरपणा, लघवी अडणं किंवा शौचावरचा ताबा जाणं. हे मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आल्याचं लक्षण आहे. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात न्या. माणूस चालत असताना पोचला तर बहुधा चालता राहतो. पाय गेल्यावर पोचला तर ते परत येतीलच असं नाही. कुठल्याही नव्या गोळीने हे नुकसान भरून निघत नाही.

मॉर्फिनला घाबरू नका. कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीत घेतलेलं मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे, आणि ते दिलं म्हणजे शेवट आला असंही नव्हे. गोळी स्वस्त आहे, पण ती सगळ्या मेडिकलमध्ये मिळत नाही, म्हणून वेदनाशमन विभागाचा पत्ता आधीच काढून ठेवा. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये तो आहे. पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर विनामूल्य सेवा देतं, आणि वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 पासून चालू आहे, त्याची गोव्यातही शाखा आहे. या सेवा शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायच्या नसतात. कॅन्सरचा उपचार चालू असतानाच तिथे नाव घालावं.

टेस्टोस्टेरॉन बंद झाल्याने हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, पोट सुटतं. रोज चालणं, थोडं वजन उचलण्याचा व्यायाम, नाचणी, दूध, डाळी, डॉक्टरांनी सांगितलेलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांना फारसा खर्च नाही, पण यांचा परिणाम खरा आहे.

पैशाचा रस्ता

रुग्ण सत्तरीच्या पुढचा असेल, आणि प्रोस्टेट कॅन्सरमध्ये तसे खूप असतात, तर पहिलं काम आयुष्मान वय वंदना कार्ड काढण्याचं. 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांच्या आणि त्यापुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. आधार कार्डावर ते निघतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षणही आता 5 लाखांपर्यंत वाढलं आहे आणि केशरी-पिवळ्या कार्डापुरती ती राहिलेली नाही. हेल्पलाइन 155388. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. उपचार सुरू व्हायच्या आधी त्याच्याकडे जा, नंतर नाही. 'हे इंजेक्शन, ही केमो, हे रेडिएशन पॅकेजमध्ये बसतं का? घरी घ्यायच्या गोळ्या बसतात का?' असं एकेक नाव घेऊन विचारा. गोळ्या बसत नसतील आणि केमो बसत असेल, तर वर सांगितलेली डोसेटॅक्सेलची निवड वेगळ्याच प्रकाशात दिसते. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे आणि बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज.

मोठं खासगी रुग्णालय ट्रस्टचं असेल तर तिथे कायद्याने 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. शिवाय बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जायचं. स्वागतकक्षावर विचारलं तर कित्येकदा 'खाट नाही' असं उत्तर मिळतं. धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करता येते, आणि ती केल्याचं सांगितल्यावर उत्तर बदललेलंही दिसतं. मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधानांच्या निधीचे अर्ज रुग्णालयाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकासह जातात. ते अंदाजपत्रक पहिल्याच आठवड्यात मागून घ्या.

सगळ्यांनी परळच्या टाटा मेमोरियललाच यायला हवं असंही नाही. टाटाच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरची कॅन्सर रुग्णालयं आहेत. ही ग्रिड रुग्णालयांसाठी औषधांची एकत्रित खरेदी करून भाव खाली आणते. नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मिरजेचं सिद्धिविनायक कॅन्सर रुग्णालय अशी केंद्रं घराजवळ असतील, तर उपचाराचा आराखडा एकदा मोठ्या ठिकाणाहून लिहून आणायचा आणि इंजेक्शन, केमो, तपासण्या जवळ करायच्या. मुंबईत राहावं लागलंच तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. रुग्णालयाचं पत्र लागतं. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट.

पैसा वाचवायच्या जागाही आहेत. दर महिन्याला पीएसए आणि दर तीन महिन्यांनी पेट स्कॅन बहुतेकांना लागत नाही. पीएसए तीन महिन्यांनी पुरतो, आणि बऱ्याच निर्णयांना साधा बोन स्कॅन आणि सीटी पुरेसा असतो. जो कुणी 'आधीचे उपचार बंद करा' म्हणून स्वतःची पुडी देतो, त्याच्याकडे एक रुपयाही घालवू नका.

डॉक्टरांकडे जाताना कागदावर चार प्रश्न लिहून न्या. हा उपचार जोडल्याने आमच्या माणसाला साधारण किती आणि कोणता फायदा होईल, वेळ वाढेल की दुखणं कमी होईल? याच्याऐवजी स्वस्त काय आहे आणि त्यात आम्ही नेमकं काय गमावतो? हा किती महिने चालवावा लागेल, आणि मध्येच बंद पडला तर काय होईल? आणि हा घेतलाच नाही, तर त्रास होऊ नये म्हणून तुम्ही काय काय कराल? चौथा प्रश्न रुग्णासमोर विचारा. आपल्याला सोडून दिलेलं नाही, हे त्यालाही डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचं असतं.